पाठमोरा स्तेफन

रोक्काबेर्ना, संत योहानाच्या सणाचा दुसरा दिवस, जून १४८७

फियोरे,

हे पत्र तुझे भाऊ तुला वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांनाच सांगतो. फादर उबाल्दो, लिहिलंय तेवढंच वाचा. मधलं गाळू नका, पदरचं घालू नका. तुम्हाला प्रवचनाची सवय आहे.

मी बरा आहे. घर आहे तसंच आहे. कोंबड्या अंडी देतात. बलक मी रंगात घालतो, पांढरं शेजारची मेनिका वाटीत घेऊन जाते. जाताना रोज विचारते, "फियोरेचं काही?" मी नाही म्हणतो. मग ती बाल्दासारेच्या घराच्या दिशेनं थुंकते आणि जाते.

मे महिन्यात तू फादरांकडं निघून गेलीस तेव्हा दारात विचारलं होतंस, "त्या माणसाचं काम तुम्ही घेतलंतच कसं?" मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं, मी काहीतरी लपवतोय. लपवण्यासारखं काही नव्हतं. बाल्दासारे दुकानात आला, टोपी काढून उभा राहिला, म्हणाला, "अन्सोविनो, आमच्या स्तेफन मंडळाला वेदीमागं लावायला चित्र हवंय. संत स्तेफनाचं हौतात्म्य. सगळ्या गावात तुझ्यासारखा हात नाही." मी ब्रश धूत होतो. धूतच राहिलो. "मग ठरलं," म्हणाला आणि गेला. नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

दगडांनी ठेचून मारलेला संत. हे सांगताना त्याला काही वाटलं की नाही, मला माहीत नाही. मेनिका म्हणते, "पोरानं दगड घातला आणि बापाला दगडांचाच संत आठवला. तोंड बघा मेल्याचं!" पण नगरसभेनं फेब्रुवारीतच निकाल दिलाय. वरची आळी आणि खालची आळी दर वर्षी उपवासकाळाआधी तटाखालच्या माळावर दगडांचा खेळ खेळतात. वाडवडिलांपासून चालत आलंय. त्यात आपला नोफ्री गेला तो खेळात गेला, गुन्हा कुणाचाच नाही. तू सभेच्या दाराशी उभी होतीस, तुला हे माहीत आहे. तरी लिहिलं. लिहून झाल्यावर हे वाक्य कसं दिसतं ते बघायचं होतं. तसंच दिसतं.

फळीवर पांढरा लेप चढवून झाला, घासून झाला. आता आखणी. असं चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचं असतं. डावीकडं स्तेफन लोकांपुढं उभा राहून बोलतोय. मधोमध गुडघ्यांवर, दगड खातोय. उजवीकडं त्याला पुरतायत. तिन्ही ठिकाणी अंगात तोच लाल झगा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा तोच माणूस. एका फळीवर एकच माणूस तीनदा. डावीकडचा जिवंत आहे, उजवीकडचा गेलाय, आणि दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नाही. मी अशी चित्रं जन्मभर काढली. कधी काही वाटलं नाही. आताही वाटत नाही. फक्त काल दुपारभर फळीच्या डाव्या बाजूपाशी बसून होतो.

एक विचारायचं होतं. नोफ्रीचं तोंड मला आठवत नाही. नाक कसं होतं ते सांगता येतं, डोळ्यांचा रंग सांगता येतो, पण सगळं मिळून चेहरा होत नाही. तू फादरांना सांगून लिहून घेतलंस तर बरं होईल.

अन्सोविनो


रोक्काबेर्ना, संत लॉरेन्सचा दिवस, ऑगस्ट

फियोरे,

फादरांच्या हातची ओळ मिळाली. "फियोरे म्हणते, माझ्या पोराचं तोंड त्या लोकांच्या वेदीवर लावायचं नाही. त्यांनी त्याच्यापुढं मेणबत्त्या लावायच्या आणि मी बघत बसायचं?" बरं. नाही लावत. खाली फादरांनी स्वतःच्या मनानं आणखी लिहिलंय, "दाजी, ती रडत नाही हो, याचीच काळजी वाटते." फादर, आता हेही तुम्हाला मोठ्यानं वाचावं लागेल. लिहिलंय तेवढंच वाचा, असं ठरलंय.

बाल्दासारे गेल्या महिन्यात आला होता. फळीपुढं उभा राहिला, कोळशाच्या रेघा बघितल्या.

"स्तेफनाचा चेहरा ठरला का?"

"अजून नाही."

"मग आमच्या त्रोइलोचा घाल."

मी कोळसा खाली ठेवला. तो पुढं बोलतच राहिला. "पोरगं वाळून चाललंय, अन्सोविनो. बाजारात गेलं की लोक बोलायचे थांबतात. मी बाप आहे, मला दिसतं. वेदीवर रोज तो चेहरा बघितला, त्याच्यापुढं गुडघे टेकले, की थोड्या वर्षांत लोकांना दुसरं काही आठवायचं नाही. चित्राची ताकद काय असते ते तुला मी सांगायचं?"

"असते ताकद," मी म्हणालो.

"मनात राग नाही ना?"

मी शोधून पाहिला. सापडला नाही. तसं त्याला सांगितलं. तो खूश झाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. खांद्याला हात कळला, एवढंच.

हे मी फादरांना वेगळ्या चिठ्ठीत कळवलं होतं आणि त्यांनी तोडगा सुचवलाय. त्रोइलोला शौल करा म्हणतात. स्तेफनाला मारणाऱ्यांनी आपले अंगरखे ज्या तरुणाच्या पायाशी काढून ठेवले तो शौल. पुढं त्याचाच संत पौल झाला, म्हणजे बाप खूश, आणि शास्त्रही सांभाळलं जाईल. फादर, तुम्ही हुशार आहात. पण शौलानं दगड मारला नव्हता. तो कपडे राखत बसला होता.

त्रोइलो आला बसायला. तू त्याला लांबूनच पाहिलं असशील. खांदे रुंद, पण मान आत ओढून चालतो, उन्हातसुद्धा. मी त्याला खिडकीपाशी गुडघ्यांवर बसवलं, हात जोडायला लावले. मग बोलला. काय बोलला ते या पत्रात लिहीत नाही. फादरांच्या घरची कामवाली भिंतीला कान लावून असते, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.

त्याचं ऐकल्यापासून फळीवरची आखणी निरुपयोगी झाली, पुन्हा कोऱ्या फळीसारखं वाटतंय. वाटतंय म्हणजे काय, तसं दिसतंय.

अन्सोविनो


रोक्काबेर्ना, संत लूकचा दिवस, ऑक्टोबर

फियोरे,

फादर, हे पत्र वाचण्याआधी कामवालीला बाजारात पाठवा आणि दार लावून घ्या.

त्या दिवशी त्रोइलो गुडघ्यांवर होता, मी रेघ ओढत होतो. तो म्हणाला, "शिंग वाजलं होतं."

"कसलं शिंग?"

"खेळ संपल्याचं. तटावरच्या माणसानं वाजवलं. सगळ्यांनी दगड खाली टाकले होते. कुणी अंगरखे घालत होतं. नोफ्रीनं डोक्यावरचा टोप काढला आणि आमच्याकडं तोंड करून हसला, कारण ते जिंकले होते. म्हणाला, पुढच्या वर्षी या रे, आईला सांगून या." त्यानं जोडलेले हात सोडले. "सगळे हसले. आमच्या आळीचेसुद्धा. माझ्या हातात अजून एक होता. मी शिंग ऐकलं होतं, काका. ऐकून मारला."

"सभेत बोलला नाहीस."

"बाबा म्हणाले, तू तोंड उघडायचं नाहीस, मी बोलतो. सगळ्यांनी सांगितलं, धांदलीत कळलं नाही, शिंग नंतर वाजलं. आमच्या आळीतल्या सगळ्यांनी."

"मग मला कशाला सांगतोस?"

"मला संत करू नका," तो म्हणाला. "दगडवाल्यांत घाला. बाबांना कळू देऊ नका."

मी काय म्हणालो, सांगू? मी म्हणालो, "मान जरा डावीकडं घे, उजेड जातोय." त्यानं घेतली. मी ते रेखाटन पूर्ण केलं. चांगलं झालं. तो गेल्यावर दार लावलं आणि हात धुतले.

हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं, पण आधी मला फळीवर बघायचं होतं की ते उभं राहतं का. आता राहिलंय, म्हणून सांगतो. नीट ऐक.

डावी बाजू काढून टाकली. उजवीही काढून टाकली. बोलणं नाही, पुरणं नाही. एकच क्षण. तटाची भिंत पार मागं, तिच्यावर एक माणूस, तोंडाशी शिंग, गाल फुगलेले. भिंतीखाली दगड मारणारे, सगळे आपल्याकडं तोंड करून. पण त्यांचे हात खाली आहेत. एक जण अंगरख्याच्या बाहीत हात घालतोय. एक वाकून बुटातला खडा काढतोय. एक बाजूच्याशी बोलतोय, हसतोय. टाकलेले दगड गवतात पडलेत, त्यांची रांग मी अशी लावलीय की बघणाऱ्याची नजर त्यांच्यावरून चालत चालत मधोमध येते. तिथं एकच हात वर आहे. त्रोइलोचा. दगड अजून हातातच आहे.

आणि स्तेफन अगदी पुढं, आपल्याला पाठ करून गुडघ्यांवर. संतांना कुणी पाठमोरं काढत नाही. मी पहिल्यांदाच काढला. तो वर बघतोय, शास्त्रात आहे तसं आकाश उघडलंय, म्हणून मानेला मागं घडी पडलीय. त्याचा चेहरा त्या चित्रात फक्त त्रोइलोला दिसतो. आपल्याला नाही. तू नको म्हणालीस, मलाही आठवत नव्हता, आणि ज्यानं शेवटचा पाहिला त्याच्याकडं तो ठेवला.

पाठ मात्र मला आठवते, फियोरे. विचारावी लागली नाही. घरातून तो सतत बाहेर पडायचा, मी सतत त्याची पाठ बघायचो. डोक्यावरचे दोन भोवरे, ज्यावरून मेनिका त्याला दोन बायका होणार म्हणून चिडवायची. केस कापले तरी उभे राहणारे. ते काढताना हात थांबला नाही.

अन्सोविनो


संत मार्टिनच्या सणानंतर, नोव्हेंबर

फादर उबाल्दो,

हे तुम्हाला. फियोरेलाही वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

तुम्ही लिहिता, "दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? वरच्या आळीचे लोक हात मोडून ठेवतील, मग आयुष्यभर काय अंडी फेटत बसणार?" काळजीबद्दल आभार. बाल्दासारे येऊन जातो, फळीवर कापड असतं. "संत कसा झालाय?" विचारतो. मी म्हणतो, त्रोइलो चित्रात आहे. खोटं नाही ते.

मी सूड घेतोय, असं तुम्हाला वाटतं. सूड घ्यायला अंगात काहीतरी लागतं. माझ्या अंगात सध्या सकाळी उठण्यापुरतंच आहे. माळावर जसं झालं तसं मी मांडतोय, दुसरं काही मला जमत नाही.

फियोरे यावर काही बोलली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल बोलली. संत स्तेफनाच्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला कापड काढणार आहेत. तिला यायचं असेल तर येऊ दे. नसेल तर आग्रह करू नका.

अन्सोविनो


रोक्काबेर्ना, वर्षाचा शेवट

फियोरे,

तू खांबामागं उभी होतीस. मी तुला आत येताना पाहिलं, पण मान हलवली नाही, आणि तूही नाही. खांबामुळं तुला पुढचं दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

कापड निघालं. लोक आधी संताचा चेहरा शोधत होते. तो मिळेना, मग एकमेकांकडं बघायला लागले. मग नजरा दगडांवरून आत गेल्या. मला ते कळत होतं, कारण डोकी एकामागून एक डावीकडून मधोमध वळत होती. पहिला आवाज मेनिकाचा होता. ती बायकांच्या रांगेतून ओरडली, "अगं बाई! शिंग वाजलंय की! बघा ना, भिंतीवरचा बघा, शिंग वाजलंय!"

बाल्दासारे वेदीपाशी होता. वळून माझ्याकडं आला. "हे काय केलंस? संताला पाठ? ही देवाची विटंबना आहे. खाली काढा रे ते!" मंडळाचे दोन म्हातारे पुढं झाले, पण फळीला हात कुणी लावेना. "कोण आहे तो हात वर केलेला? सांग कोण आहे!" तो माझ्या तोंडापाशी येऊन विचारत होता. त्याच्या तोंडाला लवंगेचा वास होता.

"मी आहे, बाबा."

त्रोइलो पुरुषांच्या रांगेत शेवटी होता. तो फार मोठ्यानं बोलला नाही. पण तोवर तिथं इतकी शांतता झाली होती की तुलाही ऐकू आलं असेल.

"गप्प बैस!"

"शिंग वाजलं होतं. मी ऐकलं होतं."

बाल्दासारे त्याच्याकडं बघत राहिला. मग वेदीच्या पायरीवर बसला. टोपी हातात घेऊन तिच्या कडा बोटांनी दाबत होता. म्हातारा दिसत होता. वरच्या आळीतल्या त्या सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्यातला एक चित्रात बाहीत हात घालतोय. प्रत्यक्षातही त्यानं तेव्हा तसाच हात बाहीत ओढून घेतला. मला वाटलं होतं, हे बघताना काहीतरी वाटेल. मी वाट बघितली. नाही वाटलं.

पुढचं सांगतो. सभेनं निकाल बदलला नाही, दिलेला निकाल बदलत नाहीत म्हणे. पण येत्या फेब्रुवारीला माळावर कुणी उतरायचं नाही, असं फर्मान काढलंय. चित्र खाली काढलं नाही, पुढं जाड निळा पडदा लावलाय. मंडळाच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, संताला पाठमोरं बघणं लोकांना मानवत नाही. रोज कुणी ना कुणी येतं आणि पडदा बाजूला करतं. त्यांना अडवायला कुणाला ठेवलेलं नाही.

त्रोइलो गेला. लोरेतोच्या यात्रेच्या वाटेनं, पायी. त्याआधी आपल्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत ये म्हणालो नाही. जा असंही म्हणालो नाही. तो बराच वेळ उभा होता, मी रंग घोटत होतो. मग म्हणाला, "काका, चित्रात मी तो दगड टाकत नाही ना?" मी म्हणालो, नाही, हातातच आहे, हातातच राहील. तो मान हलवून गेला. मी त्याला माफ केलं असं समजू नकोस. केलं नाही, असंही नाही. मी रंग घोटत होतो, एवढं खरं.

आता तुझं.

सगळे बाहेर पडल्यावर तू खांबामागून आलीस. मी बाजूला झालो. तू चित्राजवळ गेलीस, अगदी जवळ. तळहात उचलून त्याच्या मानेपाशी धरलास. रंगाला लावला नाहीस, थोड्या अंतरावर, ताप बघताना आधी जवळ नेतात तसा. किती वेळ ते माहीत नाही. फादर दाराशी खोकले. तू म्हणालीस, "केस वाढले होते. कापायचे राहिले." बस, तेवढंच. चित्रातल्या बाकी कुणाकडंही तू बघितलं नाहीस. माझ्या सगळ्या आखणीकडं, दगडांच्या रांगेकडं, त्या वर केलेल्या हाताकडंसुद्धा नाही. मला वाटतं, बघायची गरज नव्हती.

बाहेर फादरांनी खेचर आणलं होतं. गारठा होता. तू शाल डोक्यावरून घेतलीस, पायरी उतरलीस आणि माझ्याकडं न वळता विचारलंस, "जेवलात का?"

मी हो म्हणालो. तुम्ही निघालात. वळणावरच्या चुन्याच्या भट्टीपर्यंत तुम्ही दिसत होतात, नंतर नाही.

घरी आलो, चूल पेटवली, कांदा चिरला, शिळा पाव भाजला. मग कळलं, भूक लागलीय. पोटात अशी कळ आली होती की वाकून बसावं लागलं. फेब्रुवारीपासून ती कळ कुठं गेली होती, कोण जाणे.

फियोरे, मी जेवलो नव्हतो.

अन्सोविनो